मासेमारीचं पहिलं खिसेवालं जाकीट शिवणाऱ्या ली वुल्फला कळलं होतं, ओझं किती घ्यायचं आणि कुठं घ्यायचं

परदेशातला मासे पकडणारा माणूस डोळ्यासमोर आणा. कमरेएवढं पाणी, हातात लांब रॉड, डोक्यावर टोपी आणि अंगात बिनबाह्यांचं, खिसेच खिसे असलेलं जाकीट. पिक्चर असो, कार्टून असो नाहीतर इन्स्टावरचं रील, मासेमारीचा शौकीन दाखवायचा म्हटलं की हे जाकीट येतंच येतं.

पण हे जाकीट कुणीतरी पहिल्यांदा शिवलं असेल ना?

तर याचं श्रेय जातं ली वुल्फ नावाच्या माणसाला. साल होतं १९३१. न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींची चित्रं काढून पोट भरणारा हा २६ वर्षांचा गडी मासेमारीचा नादखुळा होता. सामान कुठं ठेवायचं या कटकटीला वैतागून त्यानं स्वतःच सुई-दोरा हातात घेतला.

आज फ्लाय फिशिंगसाठी बॅग घ्यायला गेलात, तर दुकानात जाकीट, छातीवरची बॅग, कमरेची बॅग, एका खांद्यावरची स्लिंग आणि पाठीवरची सॅक असे पाच प्रकार समोर येतात. यातलं आपल्यासाठी कोणतं, हा प्रश्न नव्या माणसाला हमखास पडतो. त्याचं उत्तर कंपनीच्या जाहिरातीत शोधण्यापेक्षा ली वुल्फच्या आयुष्यात शोधलं तर जास्त बरं सापडतं.

पण आधी हा खेळ काय आहे ते बघू.

आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा गळाला खरं आमिष लावतात आणि दोरीला शिशाचं वजन बांधतात. त्या वजनानं दोरी लांब जाते. एकदा टाकलं की निवांत बसायचं. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खोटं असतं. बारीक गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून किड्यासारखी दिसणारी वस्तू बांधतात. तिलाच फ्लाय म्हणतात. तिला वजन जवळपास नसतंच.

मग ती लांब जाते कशी?

तर इथं वजन दोरीतच असतं. रॉड मागे-पुढे करून ती जाड दोरी हवेत चाबकासारखी खेळवायची आणि तिच्या टोकाच्या बारीक धाग्याला बांधलेली फ्लाय अलगद पाण्यावर टेकवायची. एक हात रॉडला, दुसरा दोरीला. मोकळा हात उरतच नाही.

त्यात माणूस एका जागी बसत नाही. नदीच्या पात्रातून चालत राहतो. मासा आज कोणता किडा खातोय ते बघून फ्लाय बदलावी लागते. म्हणजे फ्लायच्या डब्या, धाग्याची रिळं, धागा तोडायची कात्री, गळ काढायचा चिमटा, फ्लाय तरंगावी म्हणून लावायचं मलम, छोटं जाळं, रेनकोट, पाणी आणि खायचा डबा, हे सगळं अंगावर पाहिजे. ते हाताशीही पाहिजे आणि पाण्याच्या वरही राहिलं पाहिजे. त्यामुळं इथं बॅग चुकली की अख्खा दिवस चुकतो.

आता ली वुल्फकडे येऊ.

त्याचा जन्म १० फेब्रुवारी १९०५ चा, अलास्कातल्या वाल्डीझ गावचा. १८९८ च्या आसपास सोन्याच्या शोधात निघालेली माणसं जिथं उतरली, त्यातलंच हे एक बंदर. मागे बर्फाचे डोंगर, पुढे समुद्र आणि गावाजवळून वाहणारे ओढे. या ओढ्यांत सॅमन आणि ट्राऊट मिळायचे. पोराला मासेमारीचा नाद लागला तो इथंच.

पुढे तो स्टॅनफर्ड विद्यापीठात गेला आणि १९२६ मध्ये सिव्हिल इंजिनीअर होऊन बाहेर पडला. पण पूल आणि रस्ते बांधण्यात त्याचं मन रमलं नाही. इंजिनीअरिंगची डिग्री घेऊन भलतंच काहीतरी करणारी पोरं फक्त आपल्याकडेच असतात असं नाही. ली थेट पॅरिसला गेला, चित्रकला शिकला आणि परत येऊन न्यूयॉर्कमध्ये कमर्शियल आर्टिस्ट झाला.

इंजिनीअरचं डोकं आणि चित्रकाराची नजर, दोन्ही एकाच माणसात आलं. कुठलीही वस्तू हातात आली की ही अशीच का आहे, असा प्रश्न त्याला पडायचा. सुट्टी मिळाली की तो न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल आणि अॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांतल्या नद्या गाठायचा. आणि तिथं त्याला दिसायचा मासेमारांचा पारंपरिक अवतार.

हा अवतार कसा होता?

एका खांद्यावर पट्टा आणि पट्ट्याला लटकणारी वेताची टोपली. पकडलेले मासे या टोपलीत जायचे. फ्लाय ठेवायला चामड्याचं पाकीट नाहीतर पत्र्याची डबी. तेव्हा नायलॉनचा धागा बाजारात आलेला नव्हता. रेशमाच्या किड्यापासून काढलेली तात वापरायचे. ती कोरडी पडली की कडक होऊन तुटायची, म्हणून ओलसर ठेवायला आणखी एक डबी. हे सगळं कोटाच्या खिशात, पॅन्टच्या खिशात, नाहीतर खांद्यावरच्या पिशवीत कोंबलेलं असायचं.

आता पाण्यात उभं राहून ही पिशवी वापरून बघा. वाकलात की पिशवी घसरून पुढे येते. रॉड मागे नेला की पट्टा खांद्यावर ओढ देतो. डबी काढायला दोन्ही हात लागतात, म्हणजे रॉड काखेत धरावा लागतो. आणि पिशवीचं बक्कल नाहीतर टोपलीचं झाकण, काहीही बाहेर आलेलं असलं की मोकळी दोरी नेमकी तिथंच जाऊन अडकते.

लीनं याचा विचार इंजिनीअरसारखा केला.

वजन एकाच खांद्यावर कशाला? दोन्ही खांद्यांवर द्यायचं. पिशवी शरीराला लटकते, म्हणून हलते. मग ती लटकवायचीच कशाला, अंगातच घालू. बाह्या असल्या की हात अडतो, म्हणून बाह्या नकोत. आणि प्रत्येक वस्तूला तिचा तिचा खिसा, म्हणजे न बघता हात बरोबर तिथंच जाईल.

यातून १९३१ चं ते जाकीट तयार झालं. दिसायला साधं, पण मासेमाराचे दोन्ही हात मोकळे करणारं. पुढे कंपन्यांनी तशी जाकिटं काढली आणि काही दशकांत ती फ्लाय फिशिंगचा गणवेशच झाली.

याच काळात त्यानं दुसरीही एक गोष्ट केली. तेव्हाच्या फ्लाय नाजूक पिसांच्या असायच्या. एक-दोन मासे लागले की भिजून बुडायच्या. लीनं पंख आणि शेपटीसाठी पिसांऐवजी हरणाच्या शेपटीचे केस वापरले. केसांची फ्लाय जाड दिसायची, पण खळाळत्या पाण्यातही वर तरंगायची आणि मासे लागून लागून लवकर तुटायची नाही. त्याचा मित्र डॅन बेली यानं आग्रह धरला की या फ्लायना तुझंच नाव दे. म्हणून ग्रे वुल्फ, व्हाइट वुल्फ आणि रॉयल वुल्फ ही नावं पडली. आजही जगभरातल्या मासेमारांच्या डबीत रॉयल वुल्फ असते.

इथं बॅगशी थेट संबंध येतो बरं का. फ्लाय टिकाऊ झाली की कमी फ्लाय न्याव्या लागतात. कमी फ्लाय म्हणजे कमी डब्या, आणि कमी डब्या म्हणजे कमी ओझं. ओझं कमी करायचं असेल तर आधी बॅगेत काय भरतोय ते बघावं लागतं.

पण ली वुल्फचं सगळ्यात मोठं काम ना जाकिटाचं, ना फ्लायचं. ते होतं त्या वेताच्या टोपलीचं.

१९३९ मध्ये त्याचं गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचं पुस्तक आलं. त्यात त्यानं एक मुद्दा मांडला. खेळासाठी पकडायचा मासा इतका मोलाचा आहे की तो एकदाच पकडून संपवणं परवडणार नाही. त्याला परत पाण्यात सोडा, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणालातरी तोच आनंद मिळेल.

आज हे ऐकायला सोपं वाटतं. कॅच अँड रिलीज हा शब्द आपल्यालाही माहीत झालाय. पण १९३९ मध्ये चांगल्या मासेमाराची ओळखच मुळी भरलेली टोपली ही होती. संध्याकाळी काठावर मासे ओळीनं मांडायचे, फोटो काढायचा, घरी न्यायचे. अशा लोकांना पकडलेला मासा सोडा म्हणून सांगणं म्हणजे वाड्यावर जाऊन जेवणाचं ताट परत करण्यासारखं होतं.

मासे सोडायचे ठरवले की टोपलीची गरजच उरत नाही. मासेमाराच्या अंगावरचं सगळ्यात मोठं, ओलं आणि दिवसभर जड होत जाणारं ओझंच गेलं. जाकीट आणि टोपली या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. पण नदीवर जाताना सोबत काय न्यायचं आणि येताना काय आणायचं, या एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरं होती.

असं असलं तरी हा माणूस काही साधुसंत नव्हता.

१९३० च्या दशकाच्या शेवटी तो न्यूफाउंडलंडला पोहोचला. हे बेट तेव्हा कॅनडात नव्हतं, १९४९ ला आलं. त्या काळात तिथल्या नद्या सॅमननं भरलेल्या होत्या आणि बऱ्याच नद्यांपर्यंत रस्ताच नव्हता. लीनं तिथं फिल्म बनवल्या, लेख लिहिले आणि १९४० च्या दशकात पोर्टलंड क्रीक इथं मासेमारांसाठी कॅम्प सुरू केला.

१९४७ मध्ये तो विमान चालवायला शिकला. पायपर कब नावाचं दोन सीटचं हलकं विमान, खाली चाकांऐवजी पाण्यावर उतरायचे तराफे. या विमानातून तो माणूस न पोहोचलेले तलाव आणि नद्या शोधायचा आणि पाहुण्यांना तिथं नेऊन सोडायचा.

आता बघा, जो माणूस मासे वाचवा म्हणत होता, तोच नव्या नव्या नद्यांपर्यंत मासेमारांना पोहोचवत होता. त्याच्या फिल्म बघून लोकांना तिथं जावंसं वाटायचं. हा पेच त्याच्या आयुष्यात होताच, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. त्यानं यावर काढलेला मार्ग हाच की नदीवर या, पण रिकाम्या हातानं परत जा.

विमानानं त्याला सामानाचा आणखी एक धडा दिला. एवढ्याशा विमानात वजनाचा हिशोब काटेकोर असतो. माणूस, पेट्रोल, तंबू, खाणं आणि मासेमारीचं सामान, सगळं मोजून न्यावं लागतं. असेल लागेल म्हणून घेतलेल्या वस्तूला तिथं जागा नसते.

रॉडचंही त्यानं तेच केलं. ब्रिटनमध्ये सॅमनसाठी दोन्ही हातांनी धरायचे लांबच्या लांब रॉड वापरायची पद्धत होती. एवढ्या मोठ्या माशाला लहान रॉड पुरणारच नाही, असं जाणकार म्हणायचे. लीनं सहा फुटांचा, हलका बांबूचा रॉड घेऊन त्यावर सॅमन काढून दाखवले. एकदा तर त्यानं रॉडच बाजूला ठेवला. दोरी हातानं फेकली, रील हातात धरलं आणि सॅमन काठावर आणला. भावाचा विषयच वेगळा होता.

यात कौशल्य मिरवायची हौस होतीच. पण मुद्दाही होता. अवजड सामान म्हणजे चांगला मासेमार, हे समीकरण त्याला मोडायचं होतं.

मग येतो पुलावरच्या उडीचा किस्सा.

खोल पाण्यात उतरताना मासेमार छातीपर्यंत येणारी वॉटरप्रूफ पॅन्ट घालतात. तिला वेडर म्हणतात. त्या काळात लोकांमध्ये एक भीती पक्की होती. वेडर घालून पाण्यात पडलात तर पायांत हवा अडकते, पाय वर होतात, डोकं खाली जातं आणि माणूस बुडतो. दुसरी भीती अशी की वेडरमध्ये पाणी शिरलं की ते दगडासारखं खाली ओढतं.

ली वुल्फला हे पटत नव्हतं. त्यानं वाद घातला नाही. वेडर घातले, पुलावर चढला आणि नदीत उडी मारली. वर आला आणि पोहत काठावर गेला.

यामागचं शास्त्र सोपं आहे. वेडरमधलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखंच. त्यामुळं पाण्यात असताना आतलं पाणी खाली ओढत नाही. ते जड लागतं बाहेर निघताना. खरा धोका असतो घाबरण्याचा, जोरदार प्रवाहाचा आणि थंडीचा. म्हणून आजही वेडरवर कमरेला घट्ट पट्टा बांधायला सांगतात, म्हणजे आत पाणी कमी शिरतं.

हे बॅगलाही लागू होतं. सह्याद्रीत पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या ट्रेकर्सना माहीत असतं, जोरदार पाण्यात शिरण्यापूर्वी जड सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा. पाय घसरला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. फ्लाय फिशिंगच्या बॅगचंही तसंच. एका हातानं, न बघता सुटणार नाही असं बक्कल असेल, तर ती बॅग कितीही भारी दिसली तरी दुकानातच ठेवावी.

१९६० च्या दशकात ली वुल्फ अमेरिकेच्या टीव्हीवर पोहोचला. मासेमारीच्या फिल्ममुळं घराघरात त्याचा चेहरा ओळखीचा झाला. १९६७ मध्ये त्यानं इक्वेडोरजवळच्या समुद्रात फ्लायवर १४८ पौंडांचा, म्हणजे साधारण ६७ किलोचा मार्लिन मासा पकडला. जे तंत्र लोक ओढ्यातल्या ट्राऊटसाठी वापरायचे, त्यावर एका माणसाच्या वजनाचा मासा.

त्याच वर्षी त्यानं जोन साल्वाटोशी लग्न केलं. जोन ही काही कुणाची तरी बायको म्हणून ओळखली जाणारी बाई नव्हती. दोरी फेकण्याच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवलेली ती चॅम्पियन होती, आणि दोरी लांब फेकणं हा ताकदीचा नाही तर तंत्राचा भाग आहे, हे तिनं दाखवून दिलं होतं. १९७९ मध्ये दोघांनी मिळून न्यूयॉर्क राज्यात लू बीच या ठिकाणी, बीव्हरकिल नदीच्या खोऱ्यात फ्लाय फिशिंगची शाळा सुरू केली.

तोवर सॅमनची अवस्था बिघडली होती. अटलांटिक सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. १९६० च्या दशकात ग्रीनलंडजवळच्या समुद्रात, जिथं हे सॅमन खायला जमतात, तिथं जाळ्यांनी मोठी मासेमारी सुरू झाली. नद्यांवर परत येणारे मासे घटू लागले. ज्या न्यूफाउंडलंडच्या नद्या लीनं आकाशातून शोधल्या होत्या, त्या त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होत्या. सॅमन वाचवायला हवा, हे तो शेवटपर्यंत लिहीत आणि बोलत राहिला.

आणि शेवटपर्यंत उडतही राहिला.

२८ एप्रिल १९९१. वय ८६. विमान चालवण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी तो न्यूयॉर्क राज्यातल्या हॅनकॉकजवळ हलकं विमान घेऊन हवेत होता. विमान कोसळलं आणि त्यातच ली वुल्फ गेला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, न्यूफाउंडलंड बेटाभोवतीची सॅमनची व्यावसायिक मासेमारी बंद करण्यात आली. २००० मध्ये अमेरिकेनं मेन राज्यातल्या अटलांटिक सॅमनला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं. स्कॉटलंडमध्ये रॉडनं पकडलेल्या सॅमनपैकी आता ९० टक्क्यांहून जास्त परत सोडले जातात. १९३९ मध्ये लोकांच्या पचनी न पडलेली गोष्ट आता बऱ्याच ठिकाणी नियम आहे. पण ती नियम झाली तोवर मासे मात्र बरेच कमी झाले होते.

मग आज कोणती बॅग घ्यायची?

लीच्या जाकिटातही एक खोट निघाली. खिसे जेवढे जास्त, तेवढं सामान जास्त. लोकांनी वीस-वीस खिसे भरायला सुरुवात केली आणि सगळं वजन मान आणि खांद्यांवर आलं. उन्हाळ्यात तर आत घामाची अंघोळ. यातूनच पुढे बॅगचे बाकीचे प्रकार आले. प्रत्येकानं एक अडचण सोडवली आणि एक नवी आणली.

जाकीट आजही चांगलंच आहे, जर तुम्ही खोल पाण्यात उतरत असाल आणि प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी हवी असेल. घेताना आखूड घ्या. लांब जाकिटाचे खालचे खिसे पाण्यात बुडतात आणि गळ गंजतात. मानेजवळचा भाग रुंद आणि मऊ आहे का, तेही बघा, कारण सगळं वजन तिथंच येतं.

छातीवरची बॅग छोटी आणि पाण्यापासून उंच असते. दोन-तीन डब्यांत भागणाऱ्यांसाठी बेस्ट. पण ती फुगीर असली तर खाली बघताना आपले पायच दिसत नाहीत. शेवाळलेल्या दगडांवरून चालताना हे महागात पडतं.

कमरेची बॅग पाठीला सगळ्यात सुखाची. ट्रेकच्या सॅकचं वजन खांद्यांवर न घेता कमरेवर घ्यायचं असतं, तोच हिशोब. उथळ ओढ्यांसाठी ही उत्तम. कमरेच्या वर पाणी गेलं की मात्र ती भिजणार.

स्लिंग एका खांद्यावरून पाठीवर जाते. दोरी फेकताना समोर काहीच अडत नाही, आणि सामान हवं असलं की ती फिरवून पुढे आणायची. घेताना बघा की पट्टा ज्या हातानं रॉड धरता त्याच्या विरुद्ध खांद्यावर येतोय ना. आणि जड भरू नका, कारण दिवसभराचं वजन एकाच खांद्यावर पडतं. म्हणजे फिरून आपण १९३१ च्या आधीच्या पिशवीपाशीच येतो.

पाठीवरची सॅक लागते लांब चालत जायचं असेल तेव्हा. रेनकोट, जेवण आणि कॅमेरा सगळं बसतं. पण एक फ्लाय काढायची तरी अख्खी सॅक उतरवावी लागते. म्हणून बरेच जण छोटी छातीची बॅग आणि सॅक अशी जोडी वापरतात.

आणि कोणतीही बॅग रिकामी घालून बघून घेऊ नका. जे सामान खरंच नेणार आहात ते भरा. मग पंधरा मिनिटं हात वर करून दोरी फेकल्यासारखं करा. खाली वाका, चपलेचा पट्टा लावल्यासारखं करा. डावीकडे-उजवीकडे वळा. डोळे मिटून चिमटा काढून बघा. बॅग घसरून पुढे आली, हात अडला, बाहेर लटकणारं काही दिसलं, तर ती बॅग तुमची नाही. जाळं पाठीमागे अडकवायला कडी आहे का, ते बघा. गळ काढायचा चिमटा मात्र छातीजवळ, सगळ्यात आधी हाताला लागेल असा ठेवा. मासा सोडायचा असेल तर त्याला पाण्याबाहेर किती वेळ राहावं लागतं, यावर तो जगणार की नाही हे ठरतं. चिमटा शोधण्यात गेलेली मिनिटं त्या माशाच्या श्वासातून जातात.

बॅग भरून झाली की त्यातल्या ज्या वस्तू मागच्या तीन वेळेला वापरल्याच नाहीत, त्या बाहेर काढा. बहुतेक वेळा लहान बॅग पुरते, हे तिथंच कळतं. मासे घरी आणायला वेगळी जागा ठेवायची की नाही, हे तेवढं तुम्ही ठरवा. ली वुल्फनं त्याचं उत्तर १९३९ मध्येच देऊन ठेवलंय.